सोन्याच्या नगरीतले नाही म्हणणारे

बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावात चातुर्मासात मारुतीच्या देवळात पोथी लागते. पोथी म्हणजे एकनाथांचे भावार्थ रामायण; दुसरे काही लावावे असे कुणाच्या मनातही येत नाही. जेवणे उरकली की माणसे घोंगडी-पोती घेऊन हळूहळू जमतात. एक जण ओवी वाचतो, दुसरा तिचा अर्थ उलगडून सांगतो, त्याला सूचक म्हणायचे. ऐकणाऱ्यांत निम्म्याहून अधिक माणसे अशी, की ज्यांनी ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि दिवाळीच्या आगेमागे ज्यांचा कोयता पश्चिमेकडच्या कारखान्यांच्या वाटेला लागायचा असतो. एका वर्षी बिभीषण भर सभेत रावणाला समजावतो आहे, असा अध्याय चालला होता. खांबाला टेकून वाती वळत बसलेली एक आजी, कुणालाच उद्देशून नाही अशा स्वरात, म्हणाली, “रावनाच्या घरात बी एक शहानं व्हतंच की.” सूचक हसला, पोथी पुढे गेली. मी मात्र आजीच्या त्या ‘एक’वर अडून राहिलो.

एकच? घरी येऊन वाल्मीकींचे सुंदरकांड काढले, मग युद्धकांड काढले, आणि लंकेत रावणाला ‘नाही’ म्हणणारे कोण कोण आहेत ते बोटांवर मोजू लागलो. दोन्ही हातांची बोटे जवळजवळ संपत आली. तेव्हापासून लंका ही माझी आवडती नगरी झाली आहे. दुष्टाच्या राज्याची एवढी भरलेली, एवढी बोलकी, आतून एवढी दुभंगलेली नगरी दुसऱ्या कुठल्या काव्यात मला भेटलेली नाही. आपण आज तिच्यात जरा हिंडू या; घाई नको, मारुतीलाही ती रात्र पुरी लागली होती.

पहिली गंमत ही, की लंका आपण पाहतो ती एका हेराच्या डोळ्यांनी. समुद्र ओलांडून आलेला मारुती डोंगरावर बसून सूर्य बुडायची वाट पाहतो, मग मांजराएवढा होऊन तटाशी येतो. आता हेराला काय हवे असते? काळोख. पण वाल्मीकी नेमके त्याच वेळी आकाशात चंद्र उगववतात, आणि वर म्हणतात की जणू मारुतीला मदत करायलाच तो उगवला. हेरगिरीच्या हिशेबाने ही मदत नव्हे, अडचणच. पण कवीला आपल्याला नगरी दाखवायची आहे, आणि ती दिव्यांच्या पिवळ्या उजेडात नव्हे, चांदण्यात दाखवायची आहे. पुढे एका सर्गाचा आरंभच तो त्या चंद्राला देऊन टाकतो. शत्रूच्या गावावर इतके चांदणे सांडणारा कवी मनाने किती मोठा असेल, याचा आपण क्षणभर विचार करावा आणि पुढे व्हावे.

पुढे काय दिसते? सोन्याची तोरणे, वैडूर्याचे ओटे, खंदक, तटावरची यंत्रे हे सगळे आहेच. पण त्याहून कान टवकारायला लावणारी गोष्ट म्हणजे आवाज. जिन्यांवरून चढणाऱ्या बायकांच्या पैंजणांचा आवाज येतो, टाळ्या आणि हसणे ऐकू येते, आणि घराघरांतून मंत्रपठण, स्वाध्याय चाललेला ऐकू येतो. राक्षसांच्या घरांत वेदघोष! कवीने हे गाळले असते तर कुणी त्याला जाब विचारणार नव्हते. त्याने ते ठेवले, कारण त्याला ठाऊक होते की वाईट राज्य हे सगळ्या वाईट माणसांचे राज्य नसते. तिथेही कुणी पहाटे उठून पाठ म्हणत असते, कुणी मुलाला झोपवत असते, कुणी उद्याच्या कामाची चिंता करत असते, आणि या सगळ्यांच्या डोक्यावर एक माणूस बसलेला असतो.

आपल्या सिनेमांनी हे सोडून दिले, याचे मला जरा वाईट वाटते. ‘शान’मधला शाकाल घ्या, ‘मिस्टर इंडिया’मधला मोगँबो घ्या, किंवा 1990च्या ‘धडाकेबाज’मधला आपला कवट्या महाकाळ घ्या. तिघेही लहानपणी आम्हाला जाम आवडले, अजूनही आवडतात. पण त्यांच्या अड्ड्यांत होकार भरणाऱ्यांचीच गर्दी असते. ज्याला कुणी ‘नाही’ म्हणत नाही, तो खलनायक थोड्याच वेळात नुसता मुखवटा होऊन जातो. रावण मुखवटा होत नाही, कारण त्याच्या घरातल्या प्रत्येक दाराआड कुणीतरी त्याच्याशी मनातल्या मनात किंवा उघडपणे भांडत असते.

आपल्याकडे म्हण आहे, लंकेत सोन्याच्या विटा. आपण ती खांदे उडवून म्हणतो; असतील विटा, आपल्याला काय त्यांचे? पण त्या विटांचा इतिहास मजेचा आहे. उत्तरकांडातली कथा अशी, की त्रिकूट पर्वतावरची ही नगरी विश्वकर्म्याने बांधली. तिच्यात आधी माल्यवान, सुमाली आणि माली हे तिघे राक्षस भाऊ राहिले. विष्णूशी झालेल्या युद्धात माली पडला आणि उरलेले पाताळात पळाले, तेव्हा नगरी ओस पडली. मग कुबेर येऊन राहिला. आणि शेवटी कुबेराच्या या सावत्र भावाने, रावणाने, त्याला तिथून हुसकून लावले. म्हणजे रावण हा त्या सोन्याचा धनी नव्हे, कबजेदार. दसऱ्याला आपण आपट्याची पाने सोने म्हणून एकमेकांच्या हातावर ठेवतो, त्यामागे रघुराजासाठी कुबेराने सोन्याचा पाऊस पाडल्याची गोष्ट सांगतात. ज्याचे सोने आपण दसऱ्याला लुटतो, त्याचीच सोन्याची नगरी भावाने लुटली होती, हे पाने देता-घेता आठवले की मला हसू येते. पण या वंशावळीतला माल्यवान आपण ध्यानात ठेवू. तो पुढे येणार आहे.

अंतःपुरातून मारुती जातो तो भाग मी इथे पळत ओलांडतो. तो ज्याचा त्याने वाचावा. दोनच चित्रे दाखवतो. उत्तररात्र झाली आहे, गाणे-बजावणे थांबले आहे, आणि वादक स्त्रिया जिथे होत्या तिथेच झोपल्या आहेत. एकीने वीणा कवटाळली आहे, एकीने मृदंग. रावणाच्या महालात त्या झोपलेल्या बायकांना धरायला वाद्यच आहे. दुसरे चित्र मारुतीचे. मंदोदरीला पाहून त्याला वाटते हीच सीता, आणि तो गंभीर रामदूत आनंदाने शेपटीचा मुका घेतो, खांबांवर चढतो-उतरतो, अगदी माकड होतो. क्षणभरानेच त्याला उमगते की रामाची सीता अशी निवांत झोपेल कशी, आणि तो खजील होतो. लंकेसारख्या नगरीत एक विनोद ठेवायला जागा काढणे, ही कवीची खरी श्रीमंती.

आता आपण अशोकवनात येऊ, आणि इथे मात्र थांबू.

पहाटेच्या आधीच्या अंधारात रावण येतो. त्याच्याबरोबर मशाली, चवऱ्या, पंखे घेतलेल्या स्त्रिया आहेत. त्यांत देवांच्या, गंधर्वांच्या मुली आहेत, कुठून कुठून आणलेल्या. सीता मध्ये गवताची काडी ठेवून त्याच्याशी बोलते. तो प्रसंग प्रसिद्ध आहे. मला दाखवायची आहे ती त्यानंतरची दोन-तीन ओळींची जागा. रावण संतापून दोन महिन्यांची मुदत देतो, धमकी देतो, आणि त्याच्या पाठीमागे उभ्या असलेल्या त्या मुलींपैकी काही जणी सीतेला धीर देतात. शब्दांनी नव्हे. कुणी ओठांच्या हालचालीने, कुणी डोळ्यांनी, कुणी चेहऱ्यावरच्या भावाने. बस्स, एवढेच. कवी त्यांची नावे सांगत नाही, आणि पुढे त्या पुन्हा भेटत नाहीत.

ही जागा मी किती वेळा वाचली असेन. कल्पना करा: मशालीचा उजेड समोरून पडतो आहे, रावणाची पाठ त्यांच्याकडे आहे, आणि ज्या हातात चवरी धरली आहे तो हात हलतच राहतो, थांबत नाही, कारण थांबला तर कळेल, फक्त ओठ किंचित हलतात, पापणी किंचित मिटते. ‘घाबरू नकोस’ इतकेच त्यात आहे. त्या नगरीत याहून मोठे बोलायची त्यांना सोय नव्हती. आणि सीतेला ते कळते. ती पुन्हा बोलू लागते, पहिल्यापेक्षा कडक बोलते. मला वाटते लंकेचे तट इथे, या पापणीच्या हालचालीपाशी, पहिल्यांदा तडकले. मारुतीची आग नंतरची. आपल्या घरातही मोठ्या माणसाच्या रागाच्या वेळी चुलीपाशी बसलेली कुणी बाई अशीच नजरेने लेकरू सावरून घेते. ती नजर आपण सगळ्यांनी कधी ना कधी झेलली आहे.

यानंतर लंकेतल्या बायकांचा एक सबंध पक्षच हळूहळू उजेडात येतो, आणि तो मला सभेतल्या पुरुषांच्या पक्षांहून जास्त मोहवतो. रावणाची राणी धान्यमालिनी त्याला बिलगून, गोड बोलून तिथून वळवते. तिचा हेतू काही का असेना, सीतेवरचा तो प्रसंग टळतो. राखण करणाऱ्या राक्षसी सीतेला खाऊन टाकायची भाषा करत असतात, तेव्हा म्हातारी त्रिजटा झोपेतून उठते आणि आपले स्वप्न सांगते: रावणाचे डोके मुंडलेले, अंगाला तेल, तांबडे वस्त्र, गाढवावर बसून दक्षिणेला निघालेला, आणि साऱ्या लंकेत पांढऱ्या छत्राखाली उभा एकटा बिभीषण. पहारेकरणीच्या तोंडून राजाच्या मरणाचे स्वप्न! आणि ते ऐकून बाकीच्या गप्प होतात, म्हणजे त्यांच्याही पोटात ते कुठेतरी होतेच.

मग मारुतीशी बोलता बोलता सीता सहज सांगून जाते, की बिभीषणाची थोरली लेक तिच्या आईच्या सांगण्यावरून आपल्याकडे आली होती आणि बिभीषणाने रावणाला सीता परत करायला सांगितले, पण त्याने ऐकले नाही, ही खबर तिने दिली. पाहा, सभेतली बातमी आईकडून लेकीकडे आणि लेकीकडून बंदिवान बाईकडे पोचते. पुढे युद्ध तोंडावर आल्यावर रावण मायावी विद्युज्जिव्हाकडून रामाचे खोटे शिर करून सीतेपुढे ठेवतो, तेव्हा सरमा नावाची राक्षसी येऊन तिच्या कानात सांगते की हे सारे कपट आहे. एवढ्यावर न थांबता ती गुपचूप जाऊन रावणाची खलबते ऐकून येते. आणि काय ऐकून येते? प्रत्यक्ष रावणाच्या आईने आणि एका वृद्ध मंत्र्याने त्याला सांगितले आहे: सोड तिला. आईसुद्धा! आमच्या आजीला हे सांगितले तेव्हा तिने वात तशीच बोटांत धरून ठेवली आणि विचारले, “मंग ऐकलं का न्हाई त्येनं आईचं?” मी म्हणालो, नाही ऐकले. ती पुढे काही बोलली नाही.

आता सभेत जाऊ. इथे पक्ष उघड आहेत. एक पक्ष होयबांचा: प्रहस्त, महोदर आणि त्यांच्यासारखे. प्रत्येक जण उठतो आणि म्हणतो, मी एकटाच जाऊन सगळ्यांना मारून येतो. गावच्या बैठकीत अशी माणसे आपण पाहिलेली आहेत; त्यांचा आवाज मोठा असतो आणि त्यांना विचारलेल्या प्रश्नाशी त्यांच्या उत्तराचा संबंध नसतो. यांच्यावर मी शाई खर्च करत नाही. वाल्मीकींनीही प्रत्येकाला थोडक्यात उरकले आहे.

कुंभकर्णापाशी मात्र थांबावेच लागते. त्याला आपण झोपेपुरते शिल्लक ठेवले आहे, हा त्याच्यावर केवढा अन्याय! सभेत तो चक्क रावणावर चिडतो: हे सगळे करायच्या आधी आम्हाला विचारायचे होते, आता केल्यावर विचारतोस? इतके स्पष्ट बोलून झाल्यावर पुढच्या दमात तो म्हणतो की आता तू केलेसच, तर मी लढतो. घरात भावाला चार शिव्या घालायच्या आणि बांधावर दुसऱ्याने बोट लावले की काठी घेऊन भावाच्या बाजूने उभे राहायचे, ही आपल्या भावकीची रीत इथे साक्षात उभी आहे. नीतीच्या तराजूत बिभीषणाचे पारडे जड, हे मान्य; पण माणूस म्हणून मला कुंभकर्ण जवळचा वाटतो, हे कबूल करून टाकतो. त्याचा ‘नाही’ खरा होता आणि त्याचे मरणही खरे होते. दोन्हींमध्ये त्याला तिसरी वाट सापडली नाही.

आणि हा माल्यवान. आपण मघाशी लक्षात ठेवलेला. रावणाच्या आजोबाचा भाऊ. ज्याने लंका एकदा वसताना पाहिली आणि एकदा ओस पडताना पाहिली. त्याचे बोलणे सगळ्यांत शांत आहे. तो धर्माची गोष्ट सांगतो, गावात दिसू लागलेली अपशकुनाची चिन्हे सांगतो, आणि तह कर म्हणतो. ज्याने आपले घर एकदा मोडताना पाहिले आहे त्याच्या बोलण्यात जो एक थकलेला समजूतदारपणा येतो, तो या म्हाताऱ्याच्या शब्दांत आहे. रावण त्याच्यावर संशय घेतो: तू शत्रूला सामील आहेस. आणि मग तो जे बोलतो, ते ऐकून मी पुस्तक बाजूला ठेवून उठलो होतो.

तो म्हणतो, माझे दोन तुकडे होतील, पण मी कुणापुढे वाकणार नाही.

ओळखीचे वाटते ना? मोडेन पण वाकणार नाही. आपण ते अभिमानाने म्हणतो, सत्काराच्या भाषणात म्हणतो, मुलांना बाणा म्हणून शिकवतो. ते रावणाच्याही तोंडी आहे. त्याचा पुढचा श्वास तर त्याहून विलक्षण: हा माझा जन्मजात दोष आहे, आणि स्वभाव कुणाला ओलांडता येत नाही. दोष! तो स्वतःच त्याला दोष म्हणतो. अख्ख्या लंकेत रावणाचे सर्वांत अचूक निदान करणारा माणूस रावणच आहे. त्याला नाही म्हणणाऱ्यांच्या यादीत शेवटी तो स्वतःही येतो. फक्त स्वतःचे तरी त्याने ऐकावे, तर तेही नाही. खलनायक लिहावा तर असा. मारुतीने त्याला सभेत पाहिले तेव्हा बांधलेल्या अवस्थेतही त्याच्या मनात आले होते, काय हे रूप, काय हे धैर्य, अधर्म आड आला नसता तर हा देवलोकाचाही रक्षक झाला असता. शत्रूच्या मनातून निघालेली ती दाद त्या वेळी थोडी अति वाटते. माल्यवानाच्या प्रसंगापाशी येईपर्यंत ती रास्त वाटू लागते.

बिभीषणाविषयी आपण सगळेच जाणतो, म्हणून थोडक्यात. दूताला मारू नये म्हणून तो आडवा येतो, म्हणून मारुती जगतो; मारुती लंका जाळतो, पण त्याचे घर सोडतो; सभेत इंद्रजितासारखा कालचा पोरगा त्याला भित्रा म्हणतो आणि रावण अपमान करतो, तेव्हा चार सोबती घेऊन तो समुद्र ओलांडतो. पलीकडेही त्याला सहज जागा मिळत नाही. सुग्रीव म्हणतो, शत्रूचा भाऊ आहे, ठेवू नका. लोकांनी तर त्याला आजवर जागा दिलेली नाही. गावातल्या निवडणुकीत कुणी गट सोडला की दुसऱ्या दिवशी चावडीवर त्याचे नाव बिभीषण पडते, आणि ते कौतुकाने पडत नाही. रामाने त्याला राज्य दिले, पण आपल्या बोलीने त्याला शिवी केले. या दोन निकालांत कुठला बरोबर, हा वाद आमच्या देवळात दर वर्षी होतो आणि दर वर्षी अर्धा राहतो.

मराठी पोथ्यांनी लंकेत आणखी एक पक्ष वसवला, तोही पाहून घेऊ: बंदीतल्या देवांचा. वारा रावणाच्या दारात झाडलोट करतो, अग्नी स्वयंपाकाला लावला आहे, ब्रह्मदेव पंचांग सांगायला बसवला आहे. रामाने देवांची बंदी सोडवली, हा आपल्याकडच्या रामकथेचा मोठा उमाळा. ऐकताना लोक हसतात, पण ते हसणे साधे नाही. ज्या मुलखाने सुलतानांची राज्ये पाहिली, निजामाचा अंमल 1948च्या सप्टेंबरपर्यंत सोसला, ज्याच्या बोलीत ‘वेठ’ हा शब्द अजून जिवंत आहे, त्या मुलखाला फुकट राबणारा देव पटकन कळतो.

आता नगरीबाहेर येऊ. लंकेत इतके नाही म्हणणारे मोजले, पण रावणाच्या अंगावर धावून गेलेला पहिला नकार लंकेबाहेरचा होता, एका म्हाताऱ्या पक्ष्याचा. जटायू झाडावर झोपलेला असतो, सीतेच्या हाकेने जागा होतो. तो आधी समजावतो, राजाने परस्त्रीचे रक्षण करायचे असते असे सांगतो. मग म्हणतो: मी म्हातारा, तू तरुण; तुझ्यापाशी धनुष्य आहे, कवच आहे, रथ आहे; तरीही तू हिला घेऊन सुखाने जाणार नाहीस. आणि तो रावणाचे धनुष्य मोडतो, रथ मोडतो, आणि मग पंख तुटून खाली पडतो. तो पडला ती जागा बीडची, असे आमच्याकडे मानतात. शहरातले जटाशंकराचे देऊळ त्याच्याच नावाने सांगितले जाते. इगतपुरीकडच्या टाकेदलाही हाच मान आहे, आणि दक्षिणेत लेपाक्षीलाही. त्यावर भांडण्यात मला रस नाही. एवढा मोठा पक्षी एवढ्या वेदनेत पडला तर दोन-तीन गावांवर त्याची सावली पडणारच.

लंकेतला शेवटचा आवाज मंदोदरीचा. रावण रणात पडल्यावर ती त्याच्यापाशी बसून जे बोलते, त्यात विलापाइतकीच परखड समजही आहे. तू तप करून इंद्रियांना जिंकलेस, ती म्हणते. त्या इंद्रियांनी ते वैर लक्षात ठेवले आणि आता तुझ्यावर सूड उगवला. आयुष्यभर ज्याच्याजवळ राहिली त्याचे असे वाचन फक्त पत्नीच करू शकते. तिनेही त्याला वेळीच सांगितले होते, पण ते ‘तरी मी सांगत होते’ हे वाक्य तिच्या तोंडी किती हलकेच येते, ते मुळातून पाहावे. आणि राम बिभीषणाला सांगतो की मरणापाशी वैर संपते. याचे संस्कार कर, हा आता जसा तुझा तसा माझाही.

यातले सगळेच आमच्या देवळात दर वर्षी ऐकायला मिळते असे नाही. भावार्थ रामायण लिहिताना एकनाथांची स्वतःची लेखणी युद्धकांडाच्या 44व्या अध्यायापाशी थांबली. तिथून पुढचा ग्रंथ गावबा या त्यांच्या शिष्याने पुरा केला. आणि ज्या वर्षी आजी ते बोलली, त्या वर्षी कारखाने लवकर सुरू झाले. पोथी युद्धकांडात असतानाच एका संध्याकाळी वेशीत ट्रॅक्टर येऊन उभे राहिले, टोळ्या भांडीकुंडी, शेळ्या आणि पोरे घेऊन निघाल्या, आणि आजीही लेकासुनेची लेकरे सांभाळायला त्यांच्याबरोबर गेली. रावण पडला तेव्हा देवळात आम्ही पाच जण होतो.